ऊर्ध्वपातनाचा जमाखर्च : खाऱ्या पाण्याचे संगणकीय प्रतिमान मराठीत मांडताना

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ‘ऊर्ध्वपातन म्हणजे काय’ असे विचारले, तर तो सांगतो की द्रव तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ निववून पुन्हा द्रव मिळवायचा. हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हाच शब्द विचारला तर तो कापराचे किंवा नवसागराचे उदाहरण देईल. कारण हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे स्थायूने द्रव न होता थेट वायू होणे. त्याला आपण मराठीत संप्लवन म्हणतो. गुजरातीतही ऊर्ध्वपातनाचा अर्थ हिंदीसारखाच आहे. आपल्या ऊर्ध्वपातनाला गुजरातीत निस्यंदन आणि हिंदीत आसवन म्हणतात. सुरतच्या गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत हे तिन्ही विद्यार्थी एकाच इमारतीचा जिना चढतात-उतरतात आणि संध्याकाळी एकाच ओट्यावर अभ्यासाला बसतात.

‘क्षार’ या शब्दाचीही हीच गत. आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी आपली शालेय त्रयी आहे. तीत क्षार म्हणजे मीठ आणि मिठासारखे पदार्थ. गुजराती पाठ्यपुस्तकातही क्षाराचा अर्थ हाच. हिंदीत मात्र मिठाला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लविरोधी पदार्थांसाठी राखलेला आहे. त्यामुळे ‘निःक्षारीकरण’ हा मराठी शब्द हिंदी वाचकाला भलत्याच प्रक्रियेकडे नेतो. तो ‘विलवणीकरण’ म्हणतो तेव्हा आपल्याला अर्थ कळतो, पण शब्द परका वाटतो.

माझे डॉक्टरेटचे संशोधन नेमके याच विषयाचे आहे : सूर्याच्या उष्णतेने खारे पाणी गोडे करणाऱ्या संचाचे संगणकीय प्रतिमान. प्रबंध इंग्रजीत आहे, आणि सध्याच्या व्यवस्थेत तो इंग्रजीतच असणार. त्यातील गणिताचे प्रकरण मी आमच्या भागातील मराठी माध्यमाच्या काही शिक्षकांसाठी मराठीत लिहून काढले. त्या लिखाणात जे हाती लागले ते या अभ्यासलेखात मांडत आहे. परिभाषेचे प्रश्न अपेक्षित होतेच. प्रत्यक्षात परिभाषेपेक्षा क्रियापदांनी मला अधिक काळ अडवून ठेवले, आणि तोच भाग मला भाषेच्या शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो. पण त्याआधी संच आणि त्याचे गणित समजून घ्यावे लागेल. तेही येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण हे गणित नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येण्याजोगे आहे.

हौद, काच आणि पन्हळ

संच अगदी साधा आहे. तळ काळा केलेला उथळ हौद घ्यायचा, त्यात दोन-तीन सेंटिमीटर खारे पाणी भरायचे आणि वर उतरती काच बसवायची. ऊन काचेतून आत येते, काळा तळ तापतो, तळ पाण्याला तापवतो. पाण्याची वाफ वर जाऊन काचेच्या आतल्या बाजूला निवते. काचेला घाम फुटल्यासारखे थेंब धरतात, ओघळतात आणि खालच्या कडेच्या पन्हळीत जमतात. पन्हळीतले पाणी बाटलीत घ्यायचे. मीठ हौदात मागे राहते.

या पन्हळीसाठी इंग्रजीत एक लांबलचक संज्ञा आहे आणि तिचे शब्दशः भाषांतर ‘ऊर्ध्वपातित जल संकलन नलिका’ असे काहीतरी होईल. कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही पन्हळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मी पन्हळच ठेवली.

‘ऊर्ध्वपातन’ या शब्दाकडे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हा शब्द रसशास्त्रातून आला आहे. पाऱ्याच्या शुद्धीच्या क्रियांत ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्‌पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. पारा वर चढून वरच्या भांड्याला धरतो ते पहिले, खाली उतरतो ते दुसरे, आणि तिरप्या नळीतून शेजारच्या भांड्यात जातो ते तिसरे. उतरत्या काचेवरून ओघळत कडेला जाणारे आमच्या हौदातले पाणी पाहिले, की तिर्यक्‌पातन हाच शब्द अधिक शोभला असता असे वाटते. पण रूढ झालेला शब्द बदलण्याचा अधिकार एकट्यादुकट्याला नसतो, आणि या बाबतीत तर तीन भाषांचा प्रश्न आहे. वर्गात तिन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून फरक सांगणे हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

असा संच मोठ्या प्रमाणावर प्रथम उभारला गेला तो १८७२ मध्ये, दक्षिण अमेरिकेतील चिली देशात लास सालिनास येथे. सोऱ्याच्या खाणींसाठी, तेथे राबणाऱ्या खेचरांसाठी पाणी हवे होते आणि जमिनीतले पाणी खारट होते. चार्ल्स विल्सन या अभियंत्याने साडेचार हजार चौरस मीटरच्या आसपास काच पसरली आणि दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक पाणी मिळवले. आपल्याकडे या विषयाचे मोठे काम भावनगरला झाले. तेथे १९५४ मध्ये मीठ व समुद्री रसायने यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था सुरू झाली, आणि १९७८ च्या सुमारास तिने जवळच्या अवाणिया गावात दिवसाला सुमारे पाच हजार लिटर क्षमतेचा संच उभारला. त्याचे क्षेत्रफळ साधारण १८६० चौरस मीटर होते. भागाकार केला तर चौरस मीटरला पावणेतीन लिटर येतात. हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

तीन वह्या

प्रतिमान म्हणजे काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. आमच्या क्षेत्रात त्याचा अर्थ बराच गद्य आहे. मी शिक्षकांना सांगितले की तीन वह्या आहेत असे समजा : एक तळाची, एक पाण्याची, एक काचेची. प्रत्येक वहीत उष्णतेचा जमाखर्च लिहायचा. जमेच्या बाजूला आलेली उष्णता, खर्चाच्या बाजूला गेलेली, आणि शिल्लक राहील तेवढे त्या वस्तूचे तापमान वाढेल. शिल्लक उणे आली तर तापमान उतरेल. तळाच्या वहीतला ‘पाण्याला दिले’ हा खर्च पाण्याच्या वहीत ‘तळाकडून आले’ अशी जमा म्हणून दिसलाच पाहिजे. तिन्ही वह्यांचा ताळा जमला नाही तर प्रतिमानात चूक आहे.

वह्या लिहिणे सोपे आहे. पाण्याच्या वहीत खर्चाचे आकडे कुठून आणायचे, हा खरा प्रश्न. पाणी काचेला तीन वाटांनी उष्णता देते : हवेच्या हालचालीने, प्रारणाने आणि वाफेने. यांतली वाफेची वाट आपल्या कामाची, कारण तिच्याबरोबरच गोडे पाणी वर जाते. बाकीच्या दोन वाटांनी गेलेली उष्णता म्हणजे आपल्या दृष्टीने गळती. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या डंकल यांनी १९६१ मध्ये या वाटांची सूत्रे मांडली. आजही जगभर सुरुवात तेथूनच होते. सूत्र मी येथे देत नाही, त्यामागची गोष्ट सांगतो.

पाण्यातून किती वाफ उठेल हे पाणी आणि काच यांच्या बाष्पदाबांतील फरकावर अवलंबून असते, आणि बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ३० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४.२ किलोपास्कल असतो, ४० ला ७.४, ५० ला १२.३, ६० ला १९.९ आणि ७० ला ३१.२. पायऱ्या पहा : ३.२, ४.९, ७.६, ११.३. तापमान दर वेळी दहाच अंशांनी वाढते, दाबाची पायरी मात्र उंच होत जाते.

आता दोन प्रसंग घेऊ. पहिल्यात पाणी ४० अंशांवर आणि काच ३० वर आहे. दुसऱ्यात पाणी ६० वर आणि काच ५० वर. दोन्हीकडे फरक दहा अंशांचाच. डंकल यांच्या सूत्राने हिशेब केला, तर पहिल्या प्रसंगी चौरस मीटरमागे वाफेच्या वाटेने सुमारे १०८ वॅट जातात आणि तासाला १६० मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळते. दुसऱ्या प्रसंगी सुमारे २९५ वॅट, म्हणजे तासाला जवळपास ४५० मिलिलिटर. शिवाय गळतीचे प्रमाणही बदलते. पहिल्या प्रसंगी काचेकडे गेलेल्या एकूण उष्णतेपैकी सहा दशांशाहून थोडी कमी वाफेबरोबर जाते, तर दुसऱ्या प्रसंगी तीन चतुर्थांशांहून अधिक. म्हणून कोमट पाण्याचा मोठा हौद ठेवण्यापेक्षा थोडे पाणी कडक तापवणे फायद्याचे ठरते.

हौद उथळ का असावा, हेही यावरून कळते. एक चौरस मीटर हौदात दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे २० किलो, दहा सेंटिमीटर म्हणजे १०० किलो. सगळ्या खर्चानंतर ५०० वॅट शिल्लक राहिले असे धरले, तर तासाभरात पहिला हौद सुमारे २१ अंशांनी तापतो आणि दुसरा फक्त ४ अंशांनी. खोल हौद रात्री थोडे पाणी देतो हे खरे, पण एकूण हिशेबात उथळ हौदच पुढे राहतो. हे उदाहरण विशिष्ट उष्माधारकता शिकवताना वर्गात जरूर वापरावे. नेहमीच्या तांब्याच्या गोळ्यापेक्षा मुलांना ते जवळचे वाटते.

मग संगणक कशासाठी? ऊन, वारा, हवेचे तापमान सतत बदलत असते आणि तिन्ही वह्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून वह्या दर थोड्या वेळाने पुन्हा मांडाव्या लागतात. या क्षणीच्या तापमानांवरून जमाखर्च काढायचा, त्यावरून पुढच्या क्षणाचे तापमान, आणि पुन्हा तेच. एका मिनिटाचे पाऊल धरले तर एका दिवसाच्या १४४० मांडण्या होतात. माणूस कंटाळेल, संगणक कंटाळत नाही. एवढेच त्याचे मोठेपण.

पाऊल किती लांब टाकायचे याला मात्र मर्यादा आहे, आणि ती ठरते सर्वांत हलक्या वस्तूवरून. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलोची असते. तिला एक अंशाने तापवायला आठ किलोज्यूल पुरतात. आतून वाफ तिला तापवते, बाहेरून वारा निववतो. या ओढाताणीत ती दोन-अडीच मिनिटांत बहुतेक नव्या परिस्थितीशी जुळवून घेते. अशा चंचल काचेचा हिशेब दहा-दहा मिनिटांच्या पावलांनी केला, तर आकडे एकदा खूप वर, एकदा खूप खाली असे झोके घेऊ लागतात आणि काही मांडण्यांत काच हजार अंशांवर पोचते. कागदावर अर्थातच. झोके सुरू झाले की पाऊल आखूड करायचे, किंवा पुढच्या क्षणाचे तापमान अज्ञात धरून समीकरण सोडवायचे. दुसरी पद्धत अधिक भक्कम, पहिली शिकायला सोपी.

जाता जाता एक गंमत. पायथन या संगणकभाषेच्या सध्याच्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘काच_ताप’, ‘पाणी_ताप’, ‘तळ_ताप’ अशी नावे दिलेला प्रोग्राम व्यवस्थित चालतो. प्रबंधासाठी मी इंग्रजी नावेच ठेवली, कारण तो प्रोग्राम इतरांनाही वाचता यायला हवा. शिक्षकांसाठी मात्र मराठी प्रत केली. कळफलक बदलावा लागतो एवढीच अडचण.

तापणे आणि तापवणे

आता क्रियापदांकडे. माझ्या इंग्रजी प्रकरणातली वाक्ये बहुतेक कर्मणी आहेत : उष्णता हस्तांतरित केली जाते, शोषली जाते, गमावली जाते. शास्त्रीय लिखाणाची ती रीत आहे. ही वाक्ये जशीच्या तशी मराठीत आणली तर ‘कडून’ आणि ‘द्वारे’ यांची रांग लागते आणि वाचणारा तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतो. म्हणून मी वाक्ये कर्तरी केली, आणि लगेच प्रत्येक वाक्यात कर्ता कोण हे ठरवावे लागले.

मराठीत तापणे–तापवणे, निवणे–निववणे, आटणे–आटवणे, वाळणे–वाळवणे अशा जोड्या आहेत. जोडीतले पहिले क्रियापद वस्तूची अवस्था सांगते, दुसरे कोणी ती अवस्था आणली हे सांगते. ‘पाणी तापते’ म्हटले की वाक्य पूर्ण होते आणि उष्णता कुठून आली हे गुलदस्त्यात राहते. ‘तळ पाण्याला तापवतो’ म्हटले की देणारा आणि घेणारा दोघेही समोर येतात, म्हणजे दोन वह्यांतल्या दोन नोंदी एका वाक्यात सापडतात. मी शिक्षकांना एक नियम सुचवला : जमाखर्चाच्या प्रकरणात ‘तापणे’ लिहिले की थांबावे आणि ‘तापवणारा कोण’ असे विचारावे. उत्तर मिळाले तर समीकरणातली एक राशी सापडली. विद्यार्थ्याला समीकरण लिहिता येत नाही तेव्हा पुष्कळदा त्याला हे वाक्य लिहिता येत नसते. भाषेचा शिक्षक येथे विज्ञानाच्या शिक्षकाला मदत करू शकतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्रयोजक क्रियापदांचा धडा तसाही असतोच.

‘आटणे’ हे क्रियापद तर या विषयासाठीच घडवले असावे. मुले समजतात की वाफ व्हायला पाणी उकळलेच पाहिजे, शंभर अंशांवर गेलेच पाहिजे. हौदातले पाणी कधीच उकळत नाही. त्यांना ‘बाष्पीभवन’ हा शब्द सांगून उपयोग होत नाही, कारण तो पाठ होतो, पण चित्र उभे करत नाही. ‘उन्हाळ्यात विहीर आटते’ हे वाक्य सांगितले की काम होते. विहीर कोणी उकळताना पाहिलेली नसते. शिवाय आटण्यात दुसरी गोष्ट गृहीत आहे : दूध आटते तेव्हा त्याचा गोडवा वाढतो, आमटी आटली की खारट होते. पाणी जाते आणि त्यात विरघळलेले मागे राहते. निःक्षारीकरणाचे निम्मे तत्त्व या एका क्रियापदात आहे.

परिभाषा नको असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि दिल्लीच्या शब्दावली आयोगाचे १९६१ पासूनचे काम मी सतत वापरतो. बाष्पदाब, प्रारण, कार्यक्षमता हे शब्द तेथूनच येतात आणि त्यांना पर्याय नाही. वाफ होताना पाणी जी उष्णता पोटात घेते तिला कुठे ‘सुप्त उष्णता’ म्हणतात, कुठे ‘अप्रकट उष्मा’. विद्यार्थ्याच्या पुस्तकात जो असेल तो घ्यावा आणि पुढे जावे. एका संकल्पनेला एका लेखात दोन शब्द वापरू नयेत, एवढे पथ्य पुरे.

कितलं पानी निंघस?

गोडादऱ्यात माझ्या शेजारपाजारी बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने, भुसावळ–सुरत रेल्वेने आलेली आणि लूमवर, साड्यांच्या कामात स्थिरावलेली. तापी ही पुराणात सूर्याची कन्या मानलेली आहे, हे या विषयाच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे. गल्लीतल्या एका लूम चालवणाऱ्या नानांनी माझा विषय ऐकून अहिराणीत एकच प्रश्न विचारला : ‘भाऊ, कितलं पानी निंघस?’

उत्तर असे. सुरतला वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला पाच ते साडेपाच किलोवॅट-तास ऊन पडते. पाच धरू, म्हणजे १८,००० किलोज्यूल. एक लिटर पाण्याची वाफ करायला, साठ अंशांच्या आसपास, साधारण २,३५० किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर साडेसात लिटर. एक थेंबही वाया गेला नाही तरची ही मर्यादा. प्रत्यक्षात काच काही ऊन परतवते आणि काही शोषते, तळातून थोडी उष्णता झिरपते, प्रारणाने व हवेने थोडी जाते. हाती येतात तीन लिटरच्या आसपास. अवाणियाच्या संचाचा पावणेतीन लिटरांचा आकडा याच्याशी जुळतो. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरते पंधरा लिटर हवे असतील तर पाच चौरस मीटर काच लागेल. एका गच्चीवर आठ-दहा बिऱ्हाडांचा हक्क असतो, तेथे ही जागा कमी नाही.

नानांनी लगेच आरोच्या जारचा भाव काढला, आणि त्यांचे बरोबर होते. दाबाने पडद्यातून पाणी गाळणाऱ्या पद्धतीला समुद्राच्या हजार लिटर पाण्यासाठी आधुनिक संचांत तीन ते चार किलोवॅट-तास वीज लागते. तेवढेच पाणी वाफेने, उष्णता परत न वापरता मिळवायचे तर सुमारे ६५० किलोवॅट-तास उष्णता लागते. वीज आणि उष्णता यांची किंमत सारखी नसते, ऊन फुकट असते, हे सगळे धरूनही अंतर मोठे आहे. वाफ निवताना जी उष्णता काचेला देते तीच वापरून दुसऱ्या मजल्यावरचे पाणी आटवायचे, मग तिसऱ्या, अशी योजना करता येते. संशोधनाचा बराचसा रोख तिकडेच आहे आणि माझ्या प्रतिमानातही पुढे वह्या वाढत जातात त्या यामुळेच. तरी शहरात, वीज असलेल्या ठिकाणी, घरगुती वापरासाठी हा संच आरोला हटवेल असे मी म्हणणार नाही.

त्याची जागा वेगळी आहे. तापीला चांगदेव येथे मिळणारी पूर्णा नदी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या ज्या प्रदेशातून येते, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. तेथील विहिरींचे पाणी खारट असते. सुरत जिल्ह्याच्या किनारी भागातही भूजलात खारटपणा आहे, आणि शहरात सिंगणपोरच्या बंधाऱ्याखाली तापीत भरतीचे पाणी शिरते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ३५,००० असतो. या दोन टोकांमधल्या पाण्याला मराठीत ‘मचूळ’ असा नेमका शब्द आहे. तो जिभेवरून ठरतो, मीटरवरून नाही, पण ज्या विहिरीकाठी मीटर नाही तेथे जीभच असते. वीज अनियमित, पडदे बदलायला कारागीर नाही, अशा ठिकाणी काच पुसता येणाऱ्या कोणालाही चालवता येणारा हौद उपयोगी पडतो. प्रतिमानाचे काम असे की तेथे हौद बांधण्याआधीच किती काच लागेल आणि श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात काय होईल हे सांगता यावे.

चौथी वही

तीन वह्या उष्णतेच्या झाल्या. चौथी मिठाची. तिच्यात जमा असते, खर्च जवळपास नसतोच. लिटरला दोन ग्रॅम मीठ असलेले मचूळ पाणी घेऊन रोज पंधरा लिटर गोडे पाणी काढले, तर रोज तीस ग्रॅम मीठ हौदात राहते, वर्षाला सुमारे अकरा किलो. समुद्राचे पाणी घेतले तर रोज अर्धा किलोहून अधिक आणि वर्षाला १९० किलोच्या आसपास. हौद वेळच्या वेळी धुतला नाही तर काळ्या तळावर पांढरा थर धरतो, ऊन परतते आणि पहिली वहीच बिघडते. म्हणून दर काही दिवसांनी घट्ट झालेले पाणी काढून टाकावे लागते. या पाण्याला मराठीत ‘मिठवणी’ म्हणतात. चिंचवणी, गुळवणी यांच्या पंक्तीतला हा शब्द जुन्या कोशांतही आहे. परिभाषेत तो घ्यायला काहीच हरकत नसावी.

मिठवणी कुठे टाकायची हे प्रतिमानाला सांगावे लागते. आरोच्या यंत्रालाही हाच प्रश्न असतो. त्याचे टाकाऊ पाणी मोरीतून जाते म्हणून तो दिसत नाही. इंग्रजी प्रबंधात मी या नोंदीपुढे ‘प्रणालीच्या सीमेबाहेर’ अशा अर्थाचा सर्वमान्य शब्दप्रयोग केला आहे. मराठी प्रतीत तेथे ‘गटार’ असे लिहावे लागले, कारण ‘कोणी टाकले आणि कुठे’ या प्रश्नाला कर्तरी वाक्यात दुसरे उत्तर नव्हते. एका शिक्षिकेने विचारले की मीठ गच्चीवरच वाळवून घेतले तर? अकरा किलो मिठासाठी किती जागा लागेल आणि पावसाळ्यात काय करायचे, याच्या मांडण्या सध्या चालू आहेत.